घडी होणारं लाकडी पीप : फळ्यांची संख्या, सांधा, कडी आणि झाकण यांबद्दल सल्ला हवा

कुडाळकाठ (प्रश्न)

काजूगर कुडाळहून पुण्याला पाठवण्यासाठी परत वापरता येणारं लाकडी पीप करायचं आहे. माल जाताना अडचण काही नाही. रिकामी पिंपं परत येतात तेव्हा मात्र टेम्पोभर हवा वाहून आणल्यासारखं होतं. म्हणून रिकामं झाल्यावर सपाट होईल अशी रचना हवी आहे. कागदावर काढलेलं असं :

– आतला व्यास ४०० मिमी, फळ्यांची उंची ६०० मिमी, दोन चकत्यांमधलं अंतर ५६० मिमी. आतली जागा साधारण ७० लिटर भरते. १८ लिटरच्या डब्यात ११.३४ किलो गर बसतो, त्या हिशेबाने ४० किलो आरामात मावावा.
– शिवणीच्या लाकडाच्या २४ फळ्या, १२ मिमी जाड. एका फळीला जीभ, शेजारच्या फळीला खाच.
– फळ्यांना बाहेरून कापड चिकटवायचं, म्हणजे चटईसारखी उलगडेल.
– वर-खाली १२ मिमी प्लायच्या चकत्या, मध्ये फुगवटा नाही. पिंपाभोवती आवळायला लोखंडी पट्टीची तीन कडी.

प्रश्न तीन. जीभ-खाच आणि कापड एकत्र चालेल का? कडी कशी आवळायची? आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं की काय होईल? पीपच का, असं कोणी विचारेलच. भरलेलं पीप एक माणूस गडगडत नेतो, आणि दुकानात झाकण काढून ते तसंच मांडता येतं, म्हणून.

---

गुण्या

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. कापड बाहेरच्या अंगाला असलं की बिजागरीचा आस फळीच्या बाहेरच्या कडेवर येतो. चटई उलगडताना जीभ खाचेतून सरळ बाहेर येत नाही, कमानीत फिरत येते. खाच घट्ट असली तर जीभ तिथेच मोडेल. सैल ठेवली तर ती असून नसल्यासारखी. साधी कलती कड ठेवा. आत प्लास्टिकची पिशवी असणारच आहे, तेव्हा सांध्यातून दाणा गळण्याचा प्रश्नच उरत नाही.

साध्या कडेचा आणखी एक फायदा फार कामाचा आहे. फळ्या बाहेरची बाजू खाली करून मांडल्या की वर इंग्रजी 'व्ही'सारख्या खाचा दिसतात. आतल्या बाजूला वळवलं की त्या मिटतात आणि वर्तुळ तयार होतं. उलट बाजूला वळवताना मात्र अडवणारं काहीच नाही, सांधा पूर्ण १८० अंश मागे जातो. म्हणजे बाराव्या आणि तेराव्या फळीमध्ये चटईची मागे घडी घालता येईल. गुंडाळी करण्यापेक्षा ही घडी बरी, कारण थप्पी लागते.

मापं अशी. २४ फळ्या म्हणजे प्रत्येक कडेला १८० भागिले २४, साडेसात अंश. आतला व्यास ४०० धरला तर फळीची आतली रुंदी ५२.७ आणि बाहेरची ५५.८ मिमी. इथे गडबड कशी होते ते पाहा. प्रत्येक कडेत पाव अंशाची चूक झाली तर ४८ कडांची मिळून १२ अंश होते, आणि वर्तुळ मिटतच नाही. मशीनच्या मोजपट्टीवर विश्वास ठेवू नका. टाकाऊ लाकडाचे १२ तुकडे कापून कागदी टेपने जोडा, अर्धवर्तुळ करा आणि दोन्ही टोकं काचेवर किंवा मशीनच्या टेबलावर टेकवा. दोन्ही कडा पूर्ण टेकल्या तर कोन बरोबर. प्रत्येक कडेत ०.१ अंश जरी कमी असेल तरी २४ कडांत २.४ अंश साठतो, आणि एक टोक टेकवलं की दुसरीकडे साडेआठ-नऊ मिमीची फट दिसते. इतकी मोठी फट मोजायला उपकरण लागत नाही, डोळ्यालाच कळते.

चूक करायचीच असेल तर आठ अंशांकडे करा, सातकडे नको. कोन कमी पडला की आतल्या कडा आधी भिडतात, आणि कडं आवळाल तसे सांधे बाहेरून उघडायला लागतात.

---

मालवाहू

एक मूलभूत गोष्ट राहून जातेय. पिंपाला फुगवटा शोभेसाठी नसतो. कडं टोकाकडून पोटाकडे ठोकत नेलं की ते आपोआप आवळलं जातं. लाकूड सुकून ढिलं झालं तर हातोडीचे चार ठोके मारले की पुन्हा घट्ट. सरळ पिंपात कडं वर सरकवा की खाली, व्यास तोच. तेव्हा फुगवटा काढलात की आवळण्याची सोय वेगळी करावी लागते. तीन कड्यांना तीन बोल्ट, दुसरा मार्ग नाही.

कोरड्या मालाची पिंपं हा पूर्वी वेगळाच धंदा होता. दारू-तेलाच्या पिंपाइतकी जाड फळी त्यात लागत नसे. अमेरिकेत १९१५ च्या कायद्याने फळं-भाज्यांच्या पिंपाचं माप ठरवलं ते असं : फळीची लांबी साडेअठ्ठावीस इंच, चकतीचा व्यास सतरा पूर्णांक एक अष्टमांश इंच, दोन चकत्यांमधलं अंतर २६ इंच, पोटाचा बाहेरून घेर ६४ इंच, आणि फळीची जाडी जास्तीत जास्त ०.४ इंच, म्हणजे जेमतेम १० मिमी. आकारमान ७०५६ घन इंच, म्हणजे साधारण ११५ लिटर. तुमचं पीप त्याहून बरंच लहान, तेव्हा १२ मिमी फळी कमी पडणार नाही.

सपाट करून पाठवण्याची कल्पनाही जुनीच. उत्तर अमेरिकेतून वेस्ट इंडीजला साखर आणि काकवीच्या पिंपांच्या फळ्या जुड्या बांधून जात आणि तिकडे उभ्या केल्या जात. व्हेल मारायला निघालेल्या जहाजांवरही अशाच जुड्या असायच्या. तेल निघेल तसतशी बोटीवरचा पीपकरी पिंपं उभी करायचा. त्या पद्धतीची मेख हीच की दुसऱ्या टोकाला कारागीर लागतो. सुट्या २४ फळ्या गोल उभ्या धरणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पुण्याच्या दुकानातला पोऱ्या ते करणार नाही, म्हणून तुमची कापडाची चटई पटते.

जाता जाता : टेम्पोच्या चौकोनी हौद्यात गोल पीप ठेवलं की २१ टक्के जागा वाया जाते. हा तोटा मान्य असेल तर पुढे जा.

---

दमट_हवा

तिसऱ्या प्रश्नाबद्दल, कारण हे पीप मोडलं तर तिथेच मोडेल.

कोकणात पावसाळ्यात उघड्यावरच्या लाकडातला ओलावा १८ टक्क्यांच्या आसपास जातो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये तोच ८ च्या आसपास येतो. म्हणजे दहा टक्क्यांचा फरक. शिवण तशी शहाणी, फार हलत नाही. तरी आडव्या रेषेच्या (टोकावर वर्षवलयं आडवी दिसणाऱ्या) फळीची रुंदी एवढ्या फरकात पावणेदोन ते दोन टक्के बदलेल, उभ्या रेषेच्या फळीची साधारण एक टक्का. पिंपाचा घेर साडेबाराशे मिमी धरा. आडव्या रेषेत २२ ते २५ मिमी, उभ्या रेषेत १२-१३ मिमी.

हा बदल कुठे तरी जिरला पाहिजे. फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून पीप केलं तर पावसाळ्यात घेर वाढू पाहतो आणि लोखंडी कडं वाढू देत नाही. लाकूड कडेशी दबतं, आणि एकदा दबलेलं लाकूड परत फुगत नाही. मग उन्हाळ्यात तेच पीप खुळखुळ्यासारखं होतं. कडं ढिलं ठेवलं तर उलट. घेर २५ मिमी वाढला की व्यास ८ मिमी वाढतो, म्हणजे प्रत्येक बाजूला ४ मिमी. प्लायची चकती मात्र आहे तेवढीच राहते. चकती अडकवायला फळ्यांत आतून पाडलेली खोबण ५ मिमी खोल असेल तर चकती फक्त १ मिमीवर अडकलेली. पहिल्याच आदळण्याला बूड सुटेल.

म्हणून वर्तुळाचं माप फळ्यांनी नव्हे, चकतीने ठरवा. फळ्या मुद्दाम अर्धा मिमी अरुंद कापा, म्हणजे प्रत्येक सांध्यात अर्ध्या मिमीची फट राहील. २४ सांध्यांची मिळून १२ मिमी झाली. कडं आवळलं की फळ्या खोबणीच्या तळाशी चकतीच्या काठावर टेकतात आणि थांबतात. लाकूड फुगलं की फट मिटत जाते, व्यास तोच.

आकडेही बसतात, पण उभ्या रेषेची फळी असेल तरच. डिसेंबरात १२ टक्के ओलाव्याला फळ्या कापल्या तर पावसाळ्यात फट ०.५ वरून ०.२ वर येईल, उन्हाळ्यात ०.७ होईल. दोन्ही चालतं. आडव्या रेषेच्या फळीला त्याच पावसाळ्यात सांध्यामागे जवळजवळ ०.६ मिमी लागतो आणि तुमच्याकडे आहे ०.५. वखारीतून घेताना फळीचं टोक बघून घ्या. वर्षवलयाच्या रेषा टोकावर रुंदीला काटकोनात उभ्या दिसल्या पाहिजेत. आडव्या, हसऱ्या तोंडासारख्या दिसल्या तर ती फळी दुसऱ्या कामाला.

---

गुण्या

@दमट_हवा, चकतीने माप ठरवणं मान्य. पण पिंपाच्या मध्यावर चकती नाही. तिथलं कडं आवळलं तर फटी मिटून कंबर आत जाणार.

---

दमट_हवा

जाईल, पण किती? सगळ्या १२ मिमी फटी मिटल्या तरी व्यासात ३.८ मिमी फरक. ६०० मिमी उंचीत तो डोळ्यालाही दिसणार नाही. मधलं कडं आवळायचं नाहीच, फक्त अंगाला बसेल इतकं ठेवायचं. त्याचं काम एवढंच की पीप आडवं आदळलं तर फळी बाहेर फुगू नये. दाण्यांचा आडवा दाब बुडाशी जेमतेम दीड किलोपास्कल असतो, त्याला अर्धं कडंही पुरेल. पिंपाला धोका साठलेल्या मालाचा नाही, हमालाने सोडून दिल्याचा आहे.

---

कुडाळकाठ

हे सगळं फार कामाचं निघालं. जीभ-खाच रद्द. आता कापडाबद्दल. पूर्ण कॅनव्हास चिकटवू की पट्ट्या? आणि भरून झाल्यावर वरची चकती खोबणीत घालायची कशी? खोबण आतल्या अंगाला, चकती तिच्यापेक्षा मोठी.

---

पट्टी-पाना

पट्ट्या. पूर्ण कॅनव्हास चिकटवला की चटई ताठ होते आणि तोंड जरा फाकवायचं म्हटलं तरी सुरकुत्या पडून सोलपटते. खाटेची नवार घ्या, ५० मिमी रुंद, तीन पट्टे, नेमके तीन कड्यांखाली येतील असे. वर कडं बसल्यावर नवारीचा मधला भाग झाकला जातो आणि तिथे ती घासलीही जात नाही. फक्त सुती नवार नको. भिजली की आकसते आणि चटई केळीच्या पानासारखी वळून बसते. पॉलिस्टरची घ्या. तिला पांढरा फेव्हिकॉल नीट धरत नाही. रबर बेसचा गोंद दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, मग दाबा. वरून प्रत्येक फळीवर प्रत्येक पट्ट्याला दोन-दोन स्टेपल, ८ मिमी लांबीच्या. १० मिमीची घेतली तर खोबणीपाशी टोक आत निघेल आणि पिशवी फाडेल. मागची घडी जिथे पडते त्या सांध्यावर स्टेपल कडेपासून किमान १२ मिमी आत मारा, नाहीतर घडी घालताना तीच आधी उपटते.

नवार लावताना अर्ध्या मिमीची फट हाताने राखता येत नाही. हॅकसॉच्या जुन्या पात्याचे तुकडे दोन फळ्यांच्या मध्ये उभे खोचा. पातं ०.६ च्या आसपास असतं, तेवढा फरक चालेल. चटई एका सरळ लाकडी फूटपट्टीला टेकवून लावत जा. एक फळी अर्धा मिमी जरी तिरकी बसली तरी पुढच्या सगळ्या तिच्यामागे जातात आणि शेवटी वर्तुळ मिटवताना पहिली फळी वर, शेवटची खाली, असा मळसूत्रासारखा पेच पडतो. शेवटच्या सांध्यात ६ मिमीच्या बांबूच्या दोन खुंट्या ठेवा, खुंटी बसली म्हणजे सांधा बरोबर आला.

खोबण चटई तयार झाल्यावरच पाडा. आतली बाजू वर आहेच, सरळ पट्टी लावून राउटर (खोबण पाडायचं यंत्र) एका दमात २४ फळ्यांवरून न्या. खोली ५, रुंदी १२.५ मिमी. प्लाय खरा किती जाडीचा आहे ते आधी मोजा, १२ म्हणून विकलेला अनेकदा ११.३ भरतो.

आता वरची चकती. ५ मिमी खोबणीत जायला तोंडाचा व्यास १० मिमीने वाढला पाहिजे, म्हणजे घेर ३१ मिमीने. सगळी फाक त्या एका मोकळ्या सांध्यातच उघडणार. म्हणून वरच्या कड्याचा बोल्ट किमान ३५ मिमी ढिला होईल इतका लांब हवा. ८ मिमीचा, १०० मिमी लांब, पूर्ण आटे असलेला घ्या. मधलं कडंही त्या वेळी ढिलं करावं. चकतीच्या मध्यावर नवारीचा एक आकडा आधीच ठोकून ठेवा, नाहीतर चकती तिरकी होऊन काजूवर पडली की काढायला काही धरायला नाही.

कड्यासाठी २५ × १.२ मिमी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पट्टी. पट्टीचंच टोक वळवून कान करू नका. आवळताना तो कान फाकतो आणि बोल्ट तिरका होऊन आटे खातो. ३ मिमी जाड पट्टीचे वेगळे कान करून दोन-दोन रिव्हेट मारा. कानांच्या मधल्या मोकळ्या जागेत कडं फळीला दाबत नाही, म्हणून तिथे खालून १०० मिमी लांबीचा त्याच पट्टीचा तुकडा सरकता ठेवा. ही मोकळी जागा चटईच्या मोकळ्या सांध्यावर येऊ देऊ नका, समोरच्या बाजूला ठेवा.

---

मालवाहू

ओठाबद्दल कोणी बोललं नाही. चकतीच्या पलीकडे फळीचा जो भाग बाहेर राहतो तो. ६०० मधून ५६० आणि दोन चकत्यांचे २४ वजा केले तर प्रत्येक टोकाला फक्त ८ मिमी उरतो! ५ मिमी खोबण पाडल्यावर तिथे जाडी ७ मिमी. पीप काठावर आदळलं की खोबणीच्या रेषेतून ओठाचा ढलपा निघणार, आणि एका फळीचा ओठ गेला की चकती तिथून निसटते. ओठ किमान २० ठेवा. २० चे २, १२ चे २ आणि ५६० मिळून फळी ६२४ होते. ६२५ कापा. आणि टोकाचं कडं खोबणीच्या नेमकं वर बसवा, त्याची बाहेरची कड टोकापासून १२-१३ मिमीवर. ओठालाही आधार मिळतो आणि ताणही बरोबर चकतीवर जातो.

---

प्लायवाला

चकतीचा व्यास ४०० अधिक खोबणीचे १०, म्हणजे ४१०. ८ × ४ फुटी शीटमध्ये, म्हणजे २४४० × १२२० मध्ये, करवतीची वाट धरून ४१५ ची एक. रुंदीत तीन बसत नाहीत, १२४५ लागतात. एकाखाली एक ओढल्या तर दोन ओळींत पाच-पाच, फक्त १०. मधल्या ओळीची केंद्रं अर्ध्या चकतीने सरकवली तर तीन ओळी ११३३ मध्ये बसतात आणि १५ निघतात.

पण खरं शहाणपण हे की चकती ४०० ची करा. ४०३ च्या हिशेबाने तीन ओळी १२०९ मध्ये, सहा स्तंभ २४१८ मध्ये. शीटमधून १८, आणि त्याही साध्या ओळींत. आतला व्यास ३९० होईल, तीन-साडेतीन लिटर कमी. नऊ पिंपांना एक शीट, हिशेब सुटसुटीत.

---

वखार

लाकडाबद्दल. शिवणच ठेवा. आंबा स्वस्त पडतो पण त्यात किडा लवकर लागतो आणि पिठासारखी भुकटी पडते. फणसाचा पिवळा रंग ओलाव्यात उतरतो. पाईनला राळेचा वास, आणि काजूगर वास ओढून घेतो. साग दिसायला छान, पण या कामाला लाकूडही महाग आणि वजनही जास्त.

एका पिंपाला तासलेलं लाकूड साडेनऊ लिटरच्या आसपास, म्हणजे एक तृतीयांश घनफूट. १६ मिमी जाड, ६० रुंद कच्च्या पट्ट्या आणि दोन जादा धरून, करवतीच्या भुशासकट, पाऊण घनफूट मागवा. रिकाम्या पिंपाचं वजन फळ्या साडेचार-पाच, चकत्या दोन, कडी-बोल्ट दीड, मिळून आठ-साडेआठ किलो.

पुढेमागे परदेशी पाठवायचा विचार असेल तर आत्ताच लक्षात घ्या. लाकडी पॅकिंगच्या आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे भरीव लाकडाचं पॅकिंग गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटं तापवलेलं लागतं, आणि त्यावर नोंदणी झालेल्या केंद्राचा शिक्का लागतो. शिक्का आपला आपण मारायचा नाही. प्लाय आणि ६ मिमी किंवा त्याहून पातळ लाकूड यांना सूट आहे. तुमच्या चकत्या सुटतात, १२ मिमीच्या फळ्या सुटत नाहीत. आणि फळ्या बदलत राहिलात तर, एक तृतीयांशाहून जास्त भाग बदलला की जुना शिक्का पुसून पुन्हा तापवून नवा घ्यावा लागतो. कुडाळ-पुणे वाहतुकीला यातलं काहीच लागत नाही. फक्त तापवलेल्या लाकडाला नंतर किडा लागत नाही असा समज करून घेऊ नका. असलेला मरतो, नवा येऊ शकतो.

---

कुडाळकाठ

सगळ्यांचं धरून सुधारलेलं माप देतो, तपासा.

आतला व्यास ३९०. फळ्या २४, जाडी १२, उंची ६२५, कडेला साडेसात अंश, बाहेरची रुंदी ५४.०, आतली ५०.८, फट ०.५. उलगडलेली चटई १३०८ मिमी लांब, मागे घडी घातल्यावर ६५४ × ६२५, नवारीसकट जाडी ३० च्या आत. चकती ४००, खोबण ५ खोल. आतली जागा ६७ लिटर. उभं पीप टेम्पोत ४२० च्या चौकोनात साधारण ११० लिटर जागा खातं. घडी आणि दोन चकत्या मिळून १६ लिटर. एका पिंपाच्या जागी जवळजवळ सात परत येतील.

उभं करण्याचा क्रम : चटई नवार खाली करून पसरायची. बुडाची चकती खोबणीत उभी धरून चटई तिच्याभोवती वळवायची. खुंट्या बसवायच्या. दोरीचा फेर घालून त्यात काठी अडकवून पीळ द्यायचा म्हणजे हात मोकळे होतात. खालचं कडं पूर्ण आवळायचं, मधलं नुसतं बसवायचं, वरचं ढिलं. पीप उभं करून पिशवी, माल, पिशवीचं तोंड बांधणं, वरची चकती, वरचं कडं.

हीच कडी वापरून आमसुलाचं पीपही करता येईल का?

---

पट्टी-पाना

मापं बरोबर. कड्याचा घेर नवारीसकट १३२० धरा. ४० मिमी मोकळी जागा सोडून पट्टी १२८० ची कापा, वेगळे कान असल्यामुळे वळवायला जादा काही लागत नाही. फळ्यांचे बाहेरचे कोपरे कड्याखाली रंध्याने एक-दोन हात मारून मोडून घ्या. २४ कोनांमुळे कोपरा फळीच्या मध्यापेक्षा १.८ मिमी उंच असतो आणि कडं फक्त कोपऱ्यांवरच टेकतं. पण हे नवार लावायच्या आधी.

आमसुलाला ही कडी नकोत. मीठ आणि आंबटपणा मिळून जीआयचा मुलामा खातात, एका पावसाळ्यात गंज नवारीतून फळीत उतरेल. शिवाय आमसूल मुळात दमट, कोरडा माल नव्हेच. त्याला प्लास्टिकचं पीप बरं.

---

दमट_हवा

पिशवीचं माप राहिलं. आतला घेर १२२५, म्हणजे सपाट पिशवी ६१३ रुंद लागते. ६५० ची घ्या. पिशवी पिंपापेक्षा लहान असली की मालाचं वजन फळ्यांऐवजी प्लास्टिकवर येतं आणि पिशवीचा जोड उसवतो. लांबी ५६० अधिक बुडासाठी १९५ अधिक बांधायला ३०० मिमी, म्हणजे ११०० ची. अन्नासाठीचं प्लास्टिक, किमान १०० मायक्रॉन. आणि रिकामं पीप घडी घालण्याआधी आतून कोरड्या फडक्याने पुसायला सांगा. काजूची भुकटी सांध्यात दाबली गेली की फट मिटते, आणि पावसाळ्यात तोच सांधा आधी अडकतो.